वाक्यांचा सांधा

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेतील भाषणाची संहिता)



शताब्दीसारख्या मंगल प्रसंगी थोर ग्रंथकारांचे स्मरण व्हावे, भाषेच्या वैभवाचा गौरव व्हावा, ही अपेक्षा स्वाभाविक आहे. आजचा विषय त्या मानाने अगदी साधा, शाळेतल्या फळ्यावर शोभावा असा आहे. दोन लहान वाक्ये एकमेकांना कशी जोडावीत, केव्हा जोडावीत आणि केव्हा मुळीच जोडू नयेत, एवढाच तो विषय. व्याकरणाच्या पुस्तकांत त्याला वाक्यसंश्लेषण म्हणतात, आणि परीक्षेतील चार गुणांपलीकडे त्याची फारशी कोणी विचारपूस करीत नाही. परंतु इंदूरसारख्या, महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या नांदत आलेल्या मराठी समाजाला या विषयाकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. अशा ठिकाणी भाषा झिजू लागते ती प्रथम शब्दांत नव्हे, वाक्यांच्या सांध्यांत झिजते; आणि ही झीज पुष्कळ दिवस कोणाच्या लक्षातही येत नाही.

इंदुरातील अनेक घरांत आजही मराठी बोलली जाते. आजीला 'आजी'च म्हटले जाते, सणावारांची, पदार्थांची, नात्यांची नावे मराठीच असतात. मुलांचे शिक्षण मात्र बहुधा हिंदी किंवा इंग्रजी माध्यमातून होते. परिणामी मराठी ही त्यांच्यापुरती केवळ घरात बोलण्याची भाषा राहते, आणि घरातल्या बोलण्याला लांब वाक्यांची गरजच पडत नाही. 'पाऊस आला. कपडे काढ.' या दोन वाक्यांमध्ये 'म्हणून' घातले नाही तरी काही बिघडत नाही, कारण पाऊस दोघांनाही दिसत असतो. बोलणाऱ्याचा स्वर, त्याचा हात, त्याची नजर आणि समोरच्याची पूर्वमाहिती, ही सारी मिळून वाक्यांना जोडीत असतात. लिहिणाऱ्यापाशी यांपैकी काहीच नसते. त्याचा वाचक दूर असतो, कधी अनोळखी असतो, कधी पन्नास वर्षांनी जन्माला यायचा असतो. म्हणून बोलताना जे स्वर आणि हातवारे करतात, ते लिहिताना 'म्हणून', 'तरी', 'असता', 'जो-तो' अशा लहान लहान शब्दांना करावे लागते. हे शब्द सवयीतून गेले, की घरात अस्खलित मराठी बोलणारा मुलगा मराठीत चार ओळींचे पत्र लिहिताना अडखळतो.

एक साधे उदाहरण घ्यावे. कोणत्याही ग्रंथालयाच्या वार्षिक अहवालात पुढील मजकूर येऊ शकेल : 'पावसाळा आला. छप्पर गळले. पुस्तके भिजली. सेवकांनी ती उन्हात वाळवली. काही पुस्तके वाचली. काही खराब झाली. समितीने छप्पर दुरुस्त केले.' यातले एकही वाक्य अशुद्ध नाही. माहिती पुरेशी आहे. तरीही वाचताना पायाखाली सारखे खडे यावेत तसे होते, कारण प्रत्येक वाक्य सारख्याच लांबीचे आणि सारख्याच वजनाचे आहे. पावसाळ्याचे येणे आणि पुस्तकांचे नष्ट होणे यांना येथे एकच किंमत आहे. आता तोच मजकूर असा लिहिला तर : 'पावसाळ्यात छप्पर गळून पुस्तके भिजली. सेवकांनी ती लगोलग उन्हात वाळवल्यामुळे बरीचशी वाचली, तरी काही कायमची खराब झाली. त्यानंतर समितीने छप्पर दुरुस्त करून घेतले.' सात वाक्यांची तीन झाली. शब्द कमी झाले नाहीत, परंतु पुस्तके कशामुळे भिजली, कोणाच्या तत्परतेने वाचली, आणि दुरुस्ती नुकसानीच्या आधी झाली की नंतर, हे आता सांगितले गेले आहे. पहिल्या मजकुरात ते वाचकाच्या तर्कावर सोडलेले होते. वाक्ये जोडल्याने लेखनाला ओघ येतो असे म्हणतात. येथे तो ओघ आला, याचे कारण घटनांमधील संबंध उघड झाले.

हे जोडकाम मराठीला नवीन नाही. मराठी गद्याच्या आरंभीच दोन्ही प्रकृती दिसतात. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी सिद्ध केलेल्या 'लीळाचरित्रा'ची वाक्ये तोकडी, बोलण्याच्या वळणाची आहेत. आणि १२९० मध्ये पूर्ण झालेल्या 'ज्ञानेश्वरी'त, ती पद्यरचना असली तरी, 'जैसे-तैसे', 'जरी-तरी' यांच्या साहाय्याने एकेक विचार अनेक चरणांतून लांबवर नेला जातो. पुढे मराठेशाहीतील पत्रव्यवहार पाहिला तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. होळकर दरबाराचा कारभार पुष्कळ अंशी मराठीत आणि मोडी लिपीत चालत असे. मोडी लिहिताना आधी लांब शिरोरेघ ओढायची आणि तिच्याखाली शक्यतो लेखणी न उचलता अक्षरे लिहीत जायचे. शब्द सुटे करण्याची पद्धत नव्हती, आणि आजच्यासारखी विरामचिन्हेही नव्हती. पूर्णविराम नसताना एक मुद्दा कोठे संपला आणि दुसरा कोठे सुरू झाला, हे कारकुनाने दाखवायचे कसे? ते काम 'ऐसियास', 'त्यास', 'तरी', 'म्हणोन' असे शब्द करीत. जुन्या पत्राचे वाचन करणारा अभ्यासक आजही याच शब्दांच्या आधाराने मजकुराचे तुकडे पाडतो. विरामचिन्हांचे काम तेथे सांधणारे शब्द करीत होते.

एकोणिसाव्या शतकात छापखाना आला, शालेय पुस्तके तयार होऊ लागली, आणि इंग्रजी धर्तीची विरामचिन्हे मराठीत रूढ झाली. त्यांत मेजर थॉमस कँडी यांचा वाटा मोठा आहे. पूर्णविरामाने वाक्याची सीमा ठळक केली. त्यामुळे वाक्य आखूड ठेवणे सोपे झाले, आणि स्वल्पविराम व अर्धविराम यांमुळे लांब वाक्यही सुबोध ठेवता येऊ लागले. लोकहितवादींनी १८४८ पासून 'प्रभाकर' पत्रात लिहिलेल्या 'शतपत्रां'तील वाक्ये रोखठोक आहेत. १८७४ मध्ये सुरू झालेल्या 'निबंधमाले'त विष्णुशास्त्री चिपळूणकरांचे वाक्य पल्लेदार होत जाते. दोघेही आपापल्या परीने प्रभावी ठरले. तेव्हा आखूड वाक्य चांगले की लांब वाक्य चांगले, हा वाद निष्फळ आहे. विचारायचा प्रश्न असा, की या जागी या दोन विधानांमध्ये कोणते नाते आहे, आणि ते सांगण्याची गरज आहे काय?

हे नाते सांगण्याची साधने मराठीत मुख्यतः तीन आहेत. त्यांतले पहिले आणि मराठीच्या सर्वांत अंगचे साधन म्हणजे 'ऊन'प्रत्ययान्त रूप : करून, जाऊन, वाचून. 'तो ग्रंथालयात गेला. त्याने पुस्तक बदलले.' ही वाक्ये 'त्याने ग्रंथालयात जाऊन पुस्तक बदलले' अशी एक होतात. येथे एक बारकावा आहे. 'तो गेला' आणि 'त्याने बदलले' यांपैकी जोडवाक्यात 'त्याने' उरले, कारण कर्त्याचे रूप शेवटचे क्रियापद ठरवते. क्रम उलटा केला तर 'पुस्तक बदलून तो घरी गेला' असे होईल. 'तो ग्रंथालयात जाऊन पुस्तक बदलले' असे प्रमाण मराठीत होत नाही.

या रूपाचा दुसरा नियम असा, की दोन्ही क्रियांचा कर्ता सामान्यतः एकच असावा लागतो. 'मुलगा शाळेतून येऊन आईने जेवायला वाढले' हे वाक्य कानाला खटकते, कारण आला एक आणि वाढले दुसऱ्याने. तेथे 'मुलगा शाळेतून आल्यावर आईने जेवायला वाढले' असेच हवे. मात्र पहिल्या घटनेतून दुसरी आपोआप घडत असेल, कोणाच्या इच्छेचा प्रश्न नसेल, तर मराठी हा नियम सैल करते. 'पाऊस पडून पिके तरारली', 'छप्पर गळून पुस्तके भिजली' ही वाक्ये निर्दोष आहेत. तिसरी सावधगिरी नकाराविषयी. 'तो येऊन भेटला नाही' याचा अर्थ तो आलाच नाही, की आला पण भेटला नाही? दोन्ही अर्थ निघतात. जेथे घोटाळा होण्याचा संभव आहे, तेथे 'न भेटताच परत गेला' असे स्पष्ट लिहावे. आणि चौथी गोष्ट, 'उठून, आवरून, पिशवी घेऊन, ग्रंथालयात येऊन, पुस्तक देऊन, दुसरे घेऊन तो गेला' अशी मालगाडी जोडली की प्रत्येक क्रियेचे वजन नाहीसे होते आणि शेवटच्या डब्यावर सारा भार येतो. दोन, फार तर तीन 'ऊन' पुरे.

दुसरे साधन उभयान्वयी अव्ययांचे. 'आणि', 'व', 'पण', 'परंतु', 'म्हणून', 'कारण', 'तरी', 'की' हे शब्द सर्वांना ठाऊक आहेत. त्यांच्या जागेचे महत्त्व मात्र सर्वांना ठाऊक नसते. 'अहवाल उशिरा आला, पण चांगला आहे' आणि 'अहवाल चांगला आहे, पण उशिरा आला' यांत शब्द तेच आहेत. पहिल्यात चिटणिसांची पाठ थोपटली जाते, दुसऱ्यात त्यांना समज दिली जाते. 'पण'च्या नंतर जे येते, त्यावर वाक्याचा कल ठरतो. तसेच 'कारण' आणि 'म्हणून' यांचे. 'वर्गणी वाढवली, कारण कागद महागला' यात निर्णय आधी कळतो आणि समर्थन मागाहून येते. 'कागद महागला, म्हणून वर्गणी वाढवली' यात वाचकाला आधी कारण पटवून मग निर्णयापाशी आणलेले असते. सभासदांना पत्र लिहिणाऱ्याने कोणता क्रम निवडावा, हा केवळ शैलीचा प्रश्न नाही, सौजन्याचाही आहे.

'की' या अव्ययाबाबत हिंदीच्या सहवासात राहणाऱ्यांनी थोडे सावध असावे. 'त्यांनी सांगितले की उद्या ग्रंथालय बंद राहील' हे मराठी आहेच. परंतु मराठीपाशी दुसरीही रचना आहे : 'उद्या ग्रंथालय बंद राहील असे त्यांनी सांगितले.' मजकूर आधी आणि सांगणारा नंतर, हे मराठीचे फार जुने वळण. भोवतीच्या भाषेत 'कि'ची रचना सतत कानांवर पडल्याने हे दुसरे वळण हळूहळू विसरले जाते, आणि मग पानभर मजकुरात दहा वेळा 'की' येतो. दोन्ही रचना हाताशी असतील, तर लेखनात विविधता मुद्दाम आणावी लागत नाही.

तिसरे साधन विशेषणवाक्याचे. 'एका वाचकाने पुस्तक नेले. त्याने ते परत केले नाही.' ही वाक्ये मराठी दोन रीतींनी जोडते. एक, 'ज्या वाचकाने पुस्तक नेले, त्याने ते परत केले नाही'. दुसरी, 'पुस्तक नेलेल्या वाचकाने ते परत केले नाही.' दुसरी रीत आटोपशीर आहे. 'काल आलेला पाहुणा', 'उद्या भरणारी सभा', 'कपाटात राहिलेले हस्तलिखित' अशा रचनांत एक अख्खे वाक्य नामाच्या पाठीशी येऊन बसते. याउलट 'तो वाचक, ज्याने पुस्तक नेले होते, तो आज आला' ही रचना मराठीत अशक्य नसली तरी परकी वाटते. ती बहुधा हिंदी किंवा इंग्रजी वाक्याच्या सावलीत तयार झालेली असते. अर्थात आटोपशीरपणाचाही अतिरेक होतो. 'गेल्या वर्षी नेलेले, मुलाने पावसात भिजवलेले, नंतर इस्त्री करून सरळ केलेले आणि काल परत आलेले पुस्तक' असे लिहिले, तर 'पुस्तक' हा शब्द येईपर्यंत वाचकाने श्वास रोखून धरायचा काय?

ही झाली साधने. त्यांचा वापर करताना लिहिणाऱ्यावर एक जबाबदारी येते, आणि ती इतिहासलेखनात विशेष जाणवते. इंदूरकरांना परिचित असे उदाहरण घेऊ. अहिल्याबाईंचे पती खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरच्या वेढ्यात मारले गेले. सासरे मल्हारराव १७६६ मध्ये वारले. पुत्र मालेराव १७६७ मध्ये वारले. अहिल्याबाईंनी राज्याचा कारभार हाती घेतला. त्यांनी महेश्वर येथे राजधानी केली. १७९५ पर्यंत त्यांनी कारभार पाहिला. शालेय निबंधात ही वाक्ये नेहमी अशीच सुटी सुटी लिहिली जातात, आणि ती सारी खरी आहेत.

आता ती जोडू पाहा. 'पती, सासरे आणि पुत्र हे तिघेही गेल्यामुळे अहिल्याबाईंना कारभार हाती घ्यावा लागला' असे लिहिले, तर त्या परिस्थितीने पुढे ढकललेल्या एक दुर्दैवी स्त्री ठरतात. 'तेरा वर्षांत पती, सासरे आणि पुत्र यांचे मृत्यू पाहूनही अहिल्याबाईंनी कारभार हाती घेतला आणि तो १७९५ पर्यंत चालवला' असे लिहिले, तर त्या धीराच्या राज्यकर्त्या ठरतात. सनावळ्या तशाच राहिल्या. एका ठिकाणी 'मुळे' आले, दुसऱ्या ठिकाणी 'ऊनही' आले, एवढाच फरक. 'घ्यावा लागला' आणि 'घेतला' यांतला फरकही असाच लहान दिसतो, पण तो एका व्यक्तीचे कर्तृत्व मान्य करतो किंवा नाकारतो. म्हणजे सांधा हे एक विधान असते, आणि प्रत्येक विधानाला आधार हवा. 'यानंतर' म्हणण्यास तारीख पुरते. 'यामुळे' म्हणण्यास पुरावा लागतो. ज्याच्यापाशी पुरावा नाही, त्याने दोन वाक्ये सुटीच ठेवणे अधिक प्रामाणिक. केवळ ओघासाठी घातलेला 'त्यामुळे' हा खोट्या साक्षीसारखा असतो, आणि वर्तमानपत्रांत, स्मरणिकांत, गौरवग्रंथांत असे साक्षीदार फार आढळतात.

यावरून आखूड वाक्याचा मानही ध्यानात यावा. सारी वाक्ये आखूड असली की कोणतेच उठून दिसत नाही. परंतु दोन-तीन भरदार वाक्यांनंतर आलेले तीन शब्दांचे वाक्य वाचकाला थांबवते. बातमीचा धक्का, निर्णयाचा ठामपणा, शोकाची निःशब्दता हे आखूड वाक्याचे प्रांत आहेत. साने गुरुजींचे 'श्यामची आई' १९३५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील साधी, लहान वाक्ये मोठ्या वाचकवर्गाच्या मनाला भिडली, कारण सांगणारा मुलांशी बोलत होता आणि भावनेला तर्काच्या साखळीची गरज नव्हती. तेव्हा जोडण्याची कला शिकणे म्हणजे न जोडण्याची जागा ओळखणेही आहे. त्याची कसोटी सोपी आहे. लिहिलेला परिच्छेद मोठ्याने वाचावा. जेथे दम अपुरा पडतो तेथे वाक्य तोडावे. जेथे प्रत्येक चार शब्दांनी ठेच लागते तेथे दोन विधानांमधले नाते शोधावे. नाते सापडले तर जोडावे, न सापडले तर त्यांतले एक वाक्य अनावश्यक असण्याचा संभव आहे.

मोरो केशव दामले यांनी १९११ मध्ये 'शास्त्रीय मराठी व्याकरण' प्रसिद्ध केले. त्या ग्रंथात आणि त्यानंतरच्या शालेय व्याकरणांत केवलवाक्य, मिश्रवाक्य, संयुक्तवाक्य यांची चर्चा भरपूर आहे. शाळांनी त्यातून वाक्यपृथक्करण, म्हणजे वाक्य मोडून दाखवणे, अधिक उचलले; जोडणे मात्र मागे पडले. घड्याळ उघडून चाके मोजता येणे उपयोगाचे आहे, परंतु ते पुन्हा जुळवून चालू करणारा हात वेगळाच असतो, आणि तो हात व्याख्या पाठ करून तयार होत नाही. तो वाचनाने तयार होतो. लांब, नीट बांधलेली वाक्ये डोळ्यांखालून आणि कानांवरून वारंवार गेली, म्हणजे त्यांचे वळण आपोआप हाती उतरते. जेथे शाळा मराठीची नाही, बाजार मराठीचा नाही आणि कचेरीही मराठीची नाही, तेथे अशी वाक्ये मुलाला भेटण्याची जागा एकच उरते, आणि ती म्हणजे ग्रंथालय.

म्हणून या शताब्दीच्या निमित्ताने दोन लहान सूचना ग्रंथालयापुढे ठेवाव्याशा वाटतात. पहिली, बालविभागात आठवड्यातून एकदा अर्धा तास मोठ्याने वाचन व्हावे. गोष्ट सोपी असावी, पण वाक्ये मुद्दाम तोडून सोपी केलेली नसावीत. मुले अर्थाच्या ओढीने लांब वाक्यही पार करतात. त्यांना जपण्याच्या भरात मोठी माणसेच ती वाक्ये कापून टाकतात. दुसरी सूचना, कुमारवयीन सभासदांना दर महिन्याला दहा सुटी वाक्ये द्यावीत आणि त्यांचा एक परिच्छेद करून आणण्यास सांगावे. वाक्ये पाठ्यपुस्तकातली नसावीत, येथल्या जीवनातली असावीत : राजवाड्याची, सराफ्याची, खान नदीची, पावसात भिजलेल्या पुस्तकांची. दहा मुलांचे दहा परिच्छेद निरनिराळे होतील. मग त्यांनी एकत्र बसून एवढेच तपासावे, की कोणी कोठे 'म्हणून' घातले, कोणी 'तरी' घातले, आणि का घातले. बरोबर-चूक ठरवण्याची घाई करू नये. आपण घातलेल्या 'म्हणून'चे समर्थन ज्या मुलाला मराठीत करता येईल, तो मराठीत विचार करू लागला असे खुशाल समजावे.

याला खर्च नाही, अनुदानाची वाट पाहावी लागत नाही, वेगळी इमारतही नको. एक टेबल, काही पुस्तके आणि मुलांनी लिहिलेले मनापासून वाचणारा एक वडीलधारा सभासद पुरेसा आहे. पहिली दहा वाक्ये येत्या महिन्याच्या पहिल्या रविवारी फलकावर लागावीत, एवढी विनंती करून हे व्याख्यान येथे संपते.